सरि, तवरु आणि ताईचे व्यंकटभावजी

चेन्नईला जाऊन मी समुद्र पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकतो. देऊळ एकच पाहिलं, तेही रस्त्याच्या पलीकडून. ज्यांना समुद्रावरचा वारा आणि रेशमी साड्यांचे भाव हवे असतील त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. मी तिथं एक माणूस पाहायला गेलो होतो. त्याला घरात घ्यावं की नाही एवढंच ठरवायचं होतं. प्रश्न माझ्या ताईच्या जिवाचा होता.

ताईचं लग्न तंजावरकडच्या मराठी घराण्यात झालं. तिचे यजमान चेन्नईला रेल्वेच्या कारखान्यात होते, घर अण्णा नगरला. निवृत्त झाले आणि लवकरच गेले. मूलबाळ नाही. ताईला मधुमेह आहे, रोज सकाळी इन्सुलिन टोचावं लागतं, आणि साखरेनं आता डोळेही धरले आहेत. समोरचं माणूस दिसतं, साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा दिसत नाही. तिचे धाकटे दीर व्यंकटराव तिच्याकडे राहून हे सगळं करायला तयार होते. अडचण अशी की व्यंकटराव नुकतेच तुरुंगातून सुटले होते. अंबत्तूरला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत त्यांनी कित्येक वर्षं दवाखाना चालवला होता, आणि डॉक्टर ते नव्हतेच. एक मूल दगावलं तेव्हा ते उघडकीला आलं.

ताईचा सोलापूरला फोन आला. म्हणाली, “सुटलेल्या लोकांसाठी काम करणारी एक संस्था आहे इथं. त्यांनी भावजींची मनाची परीक्षा घेतलीये. कागद इंग्रजीत आहे, आकडे आहेत. तू ये आणि बघ. तुला आकड्यांतलं कळतं.”

मला आकड्यांतलं कळतं ते कसं, तेही सांगतो. मी सरकारी पाहणी खात्यात आहे. घरोघरी जायचं, छापील प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपायची. घरात धान्य किती? कुणी तंबाखू खातं का? माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला या नोकरीनं शिकवलं. धान्य विचारायचं आणि कणगीत डोकावायचं. तंबाखू विचारायची आणि भिंतीचा कोपरा बघायचा. त्यामुळे दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत मी गाडीत बसलो तो पोटात संशय घेऊनच.

अण्णा नगर

व्यंकटराव स्टेशनवर घ्यायला आले होते. मी त्यांना पूर्वी एकदाच, ताईच्या लग्नात पाहिलं होतं. आता केस पांढरे, पांढरीच वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला बारीक गंध. पन्नाशीचा, नीटनेटका, हसरा माणूस.

“यावं यावं, दादा. प्रवास सुखाचा झाला की?” त्यांनी माझी बॅग घेतली. चार पावलं चाललो तोच म्हणाले, “डावा गुडघा दुखतो तुमचा.”

खरोखरच दुखत होता. मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“एक गोळी आहे...” ते म्हणाले आणि जीभ चावून थांबले. “नको. मज काय कळतं त्यांतलं!”

मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. हा माणूस भला आहे, आणि याच्या दवाखान्याबाहेर रांग का लागत असेल ते मला कळलं. दुसरी गोष्ट पहिलीला खाऊन टाकायला लागली.

त्यांचं मराठी ऐकायला गंमत वाटते. शोधायला ते ‘हुडकणं’ म्हणतात, आंघोळीला ‘आंग धुणं’. वाक्य मराठी आणि हेल तमिळ. मध्येच ‘अय्यो, पावम’ येतं, म्हणजे ‘अरेरे, बिचारा’. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांतलं मराठी कुणीतरी गाऊन दाखवावं तसं. मला तमिळ औषधालाही येत नाही, आणि त्यामुळे पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, तो म्हणाला, “सरि.” दुकानदाराला सुटे पैसे दिले, तो म्हणाला, “सरि, सरि.” बसमध्ये माझाच पाय कंडक्टरच्या पायावर पडला, तरी तोच म्हणाला, “सरि, सार.” मी घरी येऊन ताईला म्हटलं, “काय नम्र शहर आहे! उठता-बसता माफी मागतात.”

ताई पदर तोंडाला लावून हसली. “अरे, सॉरी नव्हे ते. सरि म्हणजे बरोबर. ठीक आहे, असं.”

जेवायला डांगर होतं, पण आपल्यासारखं घट्ट नाही, दह्यात कालवलेलं, वर मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी. सांबार आपल्याच लोकांनी तंजावरला शोधून काढलं, असं व्यंकटरावांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. पुरावा काय, असं मी विचारलं.

“पुरावा पोटांत गेला की, दादा,” ते म्हणाले. ताई पुन्हा हसली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच काळानं पाहत होतो, आणि हेही मला खुपलं. आधी सांबारभात, मग रसमभात, मग दहीभात. भाताचे एवढे ढीग मधुमेह्याच्या घरात कशाला, हेही मनात आलं. पण ताईच्या पानात भात मोजकाच होता आणि तो व्यंकटरावच मोजून वाढत होते, हे मान्य केलं पाहिजे.

ते अजून राहायला आले नव्हते. अंबत्तूरला एका ओळखीच्याकडे झोपायचे आणि पहाटेच्या बसनं यायचे. पण त्यांची लोखंडी ट्रंक मात्र ताईच्या जिन्याखाली येऊन बसली होती. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा ताई म्हणाली, “तिथं चोऱ्या होतात म्हणे.” ट्रंकेला कुलूप होतं. मी ते ओढून पाहिलं.

पेरुंगुडी

संस्थेचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला होतं. दोन्हीकडे संगणक कंपन्यांच्या निळ्या काचा, मध्येच अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यांच्या सावलीत नारळपाणीवाले. अशा एका इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत रेवती नावाची मानसशास्त्रज्ञ बसत असे. तिशीतली, चष्मा लावणारी, स्पष्ट बोलणारी. आम्ही इंग्रजीत बोललो, इथं मराठीत देतो.

“त्यांचे कागद तुम्हाला दाखवायला त्यांची लेखी संमती आहे,” ती म्हणाली. “मी मागायच्या आधीच दिली त्यांनी.”

“हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?”

“नाही. तुम्हाला वाटतं?”

मला वाटत होतं. लपवण्यासारखं असलेला माणूस न मागता दार उघडत नाही. किंवा आत काही सापडणार नाही याची खात्री असली तरच उघडतो.

तिनं समजावून सांगितलं. सायकोपॅथी नावाचा एक स्वभाव असतो. गोड बोलणं, सहज फसवणं, दुसऱ्याच्या दुःखाचा ओरखडाही न उमटणं. गुन्हेगारांत तो कितपत आहे हे पाहायला प्रश्नावल्या असतात. विधानं दिलेली असतात, माणसानं स्वतःच वाचून समोर खूण करायची. मूळ इंग्रजी, इथं तमिळ भाषांतर. मधूनमधून खोटं पकडणारी विधानंही पेरलेली असतात. उदाहरणार्थ, ‘मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही.’ याला हो म्हणणारा बहुतेक खोटंच बोलतो.

व्यंकटरावांचे गुण कमी आले होते. इतके कमी की माझ्यापेक्षाही ते निरुपद्रवी ठरावेत. मात्र शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती : चांगलं दिसण्याचा कल जास्त.

“म्हणजे सज्जन, पण खोटारडा सज्जन?” मी विचारलं.

“म्हणजे काळजीपूर्वक वाचा, एवढंच,” ती म्हणाली. “ही चाळणी आहे, निकाल नाही. खरं तर यासोबत लांब मुलाखत हवी, खटल्याची कागदपत्रं हवीत, ओळखीच्यांचं बोलणं हवं. कागदपत्रं मी मागवली आहेत. अजून आली नाहीत.”

“आणि तोपर्यंत माझ्या बहिणीनं काय करायचं?”

“ते मला माहीत नाही,” ती सरळ म्हणाली. त्याबद्दल ती मला आवडली. इंग्रजी प्रश्नावलीची एक प्रत तिनं तिथंच बसून वाचू दिली. ‘मी माणसांना सहज गुंडाळू शकतो.’ ‘मी लोकांना फसवलेलं आहे.’ ‘माझ्यामुळे कुणाला त्रास झाला तरी मला विशेष काही वाटत नाही.’ प्रत्येकापुढे ट्रू किंवा फॉल्स. मी विचार केला, यातलं एकही विधान असं नाही की ज्याचं सोयीचं उत्तर शाळेतल्या पोराला कळणार नाही. कणगीत न डोकावता केलेली पाहणी ही.

पुन्हा अण्णा नगर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ताईच्या शेजारी बसलो. व्यंकटरावांनी हात धुतले, तिचं बोट पुसलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. बोलणं चालूच. ताईला टोचल्याचं कळलंही नाही. यंत्राकडे पाहून ते म्हणाले, “एकशे सदुसष्ट. उत्तम की, वैनी!”

ताई खूश झाली. साखर अडीचशेच्या वर गेली तर त्याच दिवशी दवाखान्यात या, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या आत सगळं ठीक. व्यंकटराव भाजी आणायला बाहेर पडले.

मी यंत्र हातात घेतलं. ही यंत्रं मागचे आकडे लक्षात ठेवतात, हे मला ठाऊक होतं. बटण दाबलं. दोनशे सदुसष्ट.

एकदा वाटलं, आपलाच चष्मा. खिडकीत नेऊन पाहिलं. दोनशे सदुसष्ट. आदल्या दिवशीचा आकडा पाहिला, तो त्यांनी सांगितला होता तसाच होता. म्हणजे माणूस रोज खोटं बोलत नव्हता. जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हाच बोलला होता.

ताईला मी आधी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि आलात ते बरं केलंत म्हणाले. व्यंकटरावांशी बोलायला मी संध्याकाळपर्यंत थांबलो. घराजवळ एक बाग आहे, मध्ये उंच मनोरा. माणसं त्याच्याभोवती एकाच दिशेनं भराभर चालत असतात. आम्ही दोघंही चालायला लागलो.

“व्यंकटराव, सकाळी तुम्ही आकडा कमी करून सांगितलात.”

ते थांबले. हात जोडले. “चूक, दादा.”

“चूक? मी डोळ्यांनी पाहिलंय. यंत्रात आहे तो!”

“तेंच म्हणतों. चूक.”

मला रागच आला. “असं कसं? पुरावा समोर असताना चूक म्हणता? मी खोटं बोलतोय का?”

“तुम्ही कशाला? मी बोललों. चूक केली म्हणून चूक म्हणतों. दुसरं काय म्हणावं?”

चालणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. माझ्या डोक्यात एकदम वीज चमकावी तसं झालं. मी त्यांना बाकावर बसवलं.

“त्या परीक्षेत काय लिहिलं होतं उत्तराच्या जागी? तमिळमध्ये?”

“सरि आणि तवरु. बरोबर आणि चूक.”

“‘मी लोकांना फसवलेलं आहे’, याला काय खूण केलीत?”

“तवरु.”

“म्हणजे फसवलं नाही?”

“फसवलं की!” ते माझ्याकडे, मी इतका मठ्ठ कसा, अशा नजरेनं पाहू लागले. “फसवणं हें तवरु काम नव्हे?”

“आणि ‘मी कधीही खोटं बोललेलो नाही’?”

“सरि. बोलूंच नये की.”

म्हणजे विधान स्वतःला लागू आहे का, ते यांनी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक ओळ नीतीच्या पुस्तकातला प्रश्न समजून सोडवली होती. इंग्रजीत ट्रू म्हणजे खरं. तमिळमध्ये आणि आपल्यातही बरोबर म्हणजे खरंही आणि योग्यही. चूक म्हणजे खोटंही आणि अपराधही. कमी गुण आले ते यामुळे, आणि ती बारीक अक्षरातली ओळही यामुळेच. परीक्षेत एवढंच कळलं होतं की व्यंकटरावांना चांगलं काय ते ठाऊक आहे. ते तर डिग्रीशिवाय दवाखाना काढतानाही ठाऊक असणार.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, हे उत्तर फार पटकन आलं. इतकं भाबडं, इतकं गोड. खोटा डॉक्टर वर्षानुवर्षं टिकतो तो अशाच उत्तरांवर ना?

पेरुंगुडी, दुसऱ्यांदा

या वेळी व्यंकटरावांना घेऊनच गेलो. रेवतीला सांगितलं तेव्हा तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“भाषांतर मी तपासलं नव्हतं,” ती म्हणाली. “किती जणांना दिलंय हे...”

मग तिनं ‘सरि-तवरु’ खोडून हातानं ‘मला लागू, मला लागू नाही’ असं लिहिलं आणि कागद पुन्हा दिला. व्यंकटराव शेजारच्या खोलीत बसले. बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. पहिल्या वेळी परीक्षा सोपी होती, म्हणाले.

गुण कितीतरी पट वाढले होते. माणसांना गुंडाळू शकतो, लागू. फसवलं आहे, लागू. नियम आपल्यासाठी नसतात असं वाटतं, लागू. आता ते धोक्याच्या रेषेच्या पुढे होते, आणि खोटं पकडणारी विधानं मात्र स्वच्छ. प्रश्न उलटा समजला तेव्हा सज्जन, खरं बोलला तेव्हा भयंकर. मी रेवतीला विचारलं, यातला कोणता कागद घरी न्यायचा?

“एकही नको,” ती म्हणाली. “दोन्हीत तो स्वतःबद्दल सांगतोय. तुम्ही ते यंत्र पाहिलंत ना? मला तसं काहीतरी हवंय. खटल्याची कागदपत्रं येऊ देत.”

परतीच्या बसमध्ये व्यंकटरावांनी विचारलं, “पास झालों का, दादा?” त्यांनी हे थट्टेनं विचारलं की खरंच, मला सांगता येत नाही.

ताईचं स्वयंपाकघर

मी ताईपासून काही लपवलं नाही. आकडा, दोन्ही कागद, सरि-तवरु, सगळं व्यंकटरावांच्या समोरच सांगितलं. ती भाजी निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. भाजी बाजूला ठेवून म्हणाली, “भावजी, आकडा कमी का सांगितलात?”

“वैनी, तुम्हांस भीती वाटूं नये म्हणून.”

“मी भ्याले असते तर डॉक्टरकडे गेले असते.”

कुकरची शिट्टी झाली, ती तिनं होऊ दिली.

“त्या मुलाच्या आईला काय सांगितलं होतंत?”

मला वाटलं, आता काहीतरी गोड उत्तर येईल. मी त्याची वाटच पाहत होतो. ते जमिनीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “ताप उतरतोय म्हणून सांगितलं.”

“उतरत होता?”

“नव्हता.” आणि मग, “ती फार रडत होती, वैनी. तिचं रडणं मज बघवेना.”

ओरखडा न उमटणारा माणूस म्हणतात तो हा नव्हता. ओरखडा उमटत होता, आणि तो पुसायला हा माणूस खोटं बोलत होता. यासाठी त्या प्रश्नावलीत एकही विधान नव्हतं. अर्थात तो हेही रचून सांगत असेल, असं माझं एक मन म्हणत होतं, आणि त्या मनाला मी आजही गप्प करू शकलेलो नाही.

ताई उठली, हात पुसले. “जेवायला रोज या,” ती म्हणाली. “दिवाळी-पाडव्याला नाही, रोज. तुमचं पान मांडलेलं असेल. पण राहायला नको, आणि माझ्या बोटाला हात लावायचा नाही. शेजारच्या मामी बघतील. त्यांना माझी दया येत नाही, तेच बरं आहे.”

“सरि, वैनी,” ते म्हणाले. या वेळी मी अर्थ विचारला नाही.

त्या दिवशी ते जेवूनच गेले. पान स्वच्छ केलं, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची ट्रंक बसस्टॉपपर्यंत न्यायला मदत केली. एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. अंबत्तूरच्या बसला गर्दी होती, दोन बस आम्ही सोडल्या. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिसरी बस आली. ट्रंक आत ढकलली. कंडक्टर ओरडत होता. पायरीवर उभं राहून ते म्हणाले, “दादा, मामींना तेवढं सांगा. बोट धुवून पुरतं कोरडं करावं, मग टोचावं. ओलं राहिलं तर आकडा कमी येतो.”

बस गेली. मी परत येताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि हे खरं का, असं विचारलं. दुकानदार म्हणाला, अगदी खरं. पुढच्या चौकात दुसरं दुकान होतं, तिथंही विचारलं. तेही हो म्हणाले. मग घरी जाऊन मी मामींना सांगितलं.